नांगरगाडीचा प्लग

ग्रुंडविक, मॅनिटोबा
२९ जानेवारी १९९६

बाल्डुर,

वर ‘प्रिय’ असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. नवा कागद घेता आला असता. पण खोडलेलं तुला दिसावं अशी इच्छा आहे.

तू व्हिक्टोरियाला सुखरूप पोचलास हे मला पोस्टातल्या लीनाकडून कळलं. पत्ता बदलल्याचं कार्ड तू तिला धाडलंस. सख्ख्या बहिणीपेक्षा टपालखात्याशी तुझा जिव्हाळा अधिक, हे वाचून भरून आलं. तिथे म्हणे जानेवारीतही अंगणातली हिरवळ कापावी लागते. कापा.

आता इथलं ऐक. ज्या शुक्रवारी पहाटे पाचला तू गेलास, त्याच शुक्रवारी सहा वाजून दहा मिनिटांनी रूनाला पक्षाघाताचा झटका आला. क्यार्तानची रूना. विस्मरणात तू पारंगत आहेस म्हणून आठवण देते: जिने तुला गोठलेल्या तळ्यावर बर्फावरचे बूट बांधून उभं राहायला शिकवलं, ती. कॉफीचं भांडं हातातून सुटलं आणि पाठोपाठ ती खाली. क्यार्तानने अँब्युलन्सला फोन केला. अँब्युलन्स निघाली आणि गावापासून सात मैलांवर थांबली. त्या पहाटे आभाळातून कणही पडला नव्हता, पण तीनला वारा सुटला आणि शेतातला सगळा बर्फ उठून रस्त्यावर येऊन बसला. तो हटवायचा तर नांगरगाडी हवी. नांगरगाडी चालवतो क्यार्तान. म्हणजे स्वतःच्या बायकोसाठी रस्ता त्यालाच मोकळा करायचा होता.

शेजारणीला रूनाजवळ बसवून तो पंचायतीच्या आवारात धावला. रात्रभर इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर, म्हणजे नांगरगाडीचा प्लग, विजेच्या खांबाखाली बर्फात पडलेला. उणे अडतीस. इंजिन म्हणजे शिळा. किल्ली फिरवल्यावर एकदा कण्हलं आणि मौनात गेलं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून गाडीवर ताडपत्री टाकली, खाली गॅसची शेगडी ठेवली, गरम पाण्याच्या बादल्या वाहिल्या. गाडी चालू व्हायला तीन तास लागले. नवी गाडी शेडच्या दारापेक्षा वीतभर उंच निघाली म्हणून ती बाहेर उभी राहते, हे तुला माहीत आहे. त्या विनोदावर गावात सर्वांत मोठ्याने तूच हसला होतास.

रूना वाचली. उजवा हात गेला, आणि वाचा जवळजवळ सगळी. आधी पोचली असती तर वाचा राहिली असती का, असं मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. प्रामाणिक माणूस. असा माणूस मला त्या दिवशी नको होता.

पण पत्राचं कारण क्यार्तान आहे. पहिल्या दिवशी तो म्हणत होता, “मी लावला होता प्लग. कान लावून बघितलं होतं, आत पाणी कुजबुजत होतं.” सोमवारी म्हणाला, “लावला होता असं वाटतं.” आणि काल चर्चच्या पायऱ्यांवर माझं कोपर धरून म्हणाला, “लावला नसेन गं, मास्तरीणबाई. बापाचंच आलंय माझ्याकडे.” त्याच्या बापाचं तुला आठवतं? चाळीस साली विकलेले घोडे तो साठ साली शोधत फिरायचा.

नांगरगाडीच्या किल्ल्या क्यार्तानने पंचायतीच्या कार्यालयात आणून दिल्या. माझ्याच टेबलावर ठेवल्या.

तुला मला काही सांगायचं आहे का? टपाल पाच दिवसांत येतं.

सिग्रून


११ फेब्रुवारी

बाल्डुर,

टपाल पाच दिवसांत येतं असं मी लिहिलं होतं. त्याला आज तेरा दिवस झाले. मधल्या पर्वतांत हिमकडा कोसळला असेल, अशी मी तुझ्या वतीने कल्पना करून पाहिली. लीना म्हणते, तिकडचं बाकीचं टपाल व्यवस्थित येतंय.

मंगळवारी पंचायतीची बैठक झाली. नांगरगाडीचा अहवाल मांडायचा होता. तो टाइप कुणी करायचा? अर्थात पंचायतीच्या चिटणीसबाईंनी. चोवीस वर्षं पोरांना लॅटिन शिकवलं, विषय बंद पडला म्हणून गावी परतले, आणि आता माझी सगळी विद्वत्ता मी कुत्र्यांच्या परवान्यांवर उधळते. मी टाइप केलं: ‘प्लग लावण्याचे चालकाकडून राहून गेले.’ क्यार्तान समोर बसला होता. चष्मा विसरला होता. तेसुद्धा त्याने माझ्याकडे अपराधी नजरेने बघत सांगितलं, जणू हा आणखी एक पुरावा. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं.

अध्यक्ष हाल्डोर खाकरून म्हणाला, “क्यार्तान, एकतीस वर्षांत एकदा चुकलास. त्यात काय?”

“एकदाच चुकलो हे तुला कुणी सांगितलं?” क्यार्तान म्हणाला. “मला आठवत नसेल तर किती वेळा चुकलो ते मी कसं सांगू?”

हाल्डोरने समोरचे कागद सारखे केले. उत्तर माझ्याकडे होतं. मी पुढचा विषय वाचला.

हल्ली तो खिशात वही ठेवतो. चूल बंद केली, टिक. मांजर आत घेतलं, टिक. विनिपेगच्या डॉक्टरने त्याला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि घड्याळाचं चित्र काढायला लावलं. “घड्याळ झकास काढलं गं मी,” तो म्हणाला, “पण शब्द चारच आठवले. पाचवा होता मखमल. आता सांग, मखमल या शब्दाचा माझ्या आयुष्यात कधी काय संबंध आला?” सगळे हसले. तोही हसला. मग वहीत त्याने ‘मखमल’ लिहिलं.

आपल्या गावात कुणी कुणाच्या बायकोबद्दल बोललेलं चालतं, कुणाच्या देवाबद्दलही चालतं. कुणाच्या प्लगला हात लावलेला चालत नाही. अडचण असेल तर दार ठोठावायचं, माणसाला अंथरुणातून उठवायचं, शिव्या खायच्या, आणि मग काय ते करायचं. मरणाची थंडी असताना दुसऱ्याची ऊब न विचारता घ्यायची नाही, हे बाबांनी आपल्याला बोलायला शिकवण्याआधी शिकवलं. म्हणूनच क्यार्तानच्या मनात दुसरी शक्यता येतच नाही, बाल्डुर. प्लग बाहेर पडला होता ना? मग मीच लावला नसणार. कुणी काढला असेल, हा विचार त्याला शिवतसुद्धा नाही. तुझी लबाडी त्याच्या सज्जनपणाच्या आड सुखाने लपून बसली आहे.

नांगरगाडीचा प्लग तू काढलास. हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते विचारू नकोस. त्याला पत्र लिही. मला नको, त्याला.

सिग्रून


२३ फेब्रुवारी

बाल्डुर,

कार्ड मिळालं. डॅफोडिलची फुलं सुरेख आहेत. मजकूर मी इथे पुन्हा उतरवते, कारण लिहिताना तू तो वाचला नसावास:

‘सिग्गा, उगाच काहीतरी मनात घेऊ नकोस. एवढं मोठं इंजिन, ते रात्रभर ऊब धरतं. आभाळ स्वच्छ होतं, बर्फाचं नावही नव्हतं. आता उकरून कुणाचं भलं होणार? क्यार्तानचं वय झालंच आहे. आईला माझा पापा.’

ग्रंथ छोटा, पण भाष्याला जागा भरपूर. ‘रात्रभर ऊब धरतं’, म्हणजे प्लग रात्रभर निघालेला होता हे तुला माहीत आहे. मी तसं कुठेच लिहिलं नव्हतं. ‘आभाळ स्वच्छ होतं’, म्हणजे तू मान वर करून पाहिलंस आणि मग हात घातलास. आणि जे इंजिन उणे अडतीसात रात्रभर ऊब धरतं, तसलंच डिझेलचं इंजिन तुझ्याही ट्रकात होतं ना? मग तुझ्याच इंजिनाला प्लगची एवढी निकड का पडली? ‘वय झालंच आहे’ यावर मी भाष्य करणार नाही. टीकाकारही कुठेतरी लेखणी खाली ठेवतो.

आईला तुझा पापा दिला नाही. तो तू स्वतः आणून द्यायचा होतास.

मला कसं ठाऊक, तेही आता सांगते. पाचला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. दिवा लावला नव्हता. खांबाच्या दुसऱ्या सॉकेटला ऑक्टोबरपासून वीज नाही हे गावाला माहीत आहे, म्हणून चालू सॉकेटवर तुझी वायर होती. तू ती उपटलीस, गुंडाळून मागे फेकलीस आणि निघालास. नांगरगाडीची वायर खांबाखाली पडली होती. आवारातल्या दिव्यात तिचं पिवळं टोक मला स्वच्छ दिसलं.

खिडकीपासून खांब चाळीस पावलं. कोट खुंटीवर होता. मी मनात म्हटलं, सातला क्यार्तान येईल, तो बघेल. खरं तर तेही म्हटलं नाही. म्हटलं, गेला एकदाचा. आणि परत अंथरुणात शिरले.

पाच ते सहा दहा. सत्तर मिनिटं हीटर चालला असता तर इंजिन तीन तासांऐवजी एका तासात चालू झालं असतं का? गॅरेजवाल्याला मी आडून विचारलं. तो म्हणाला, कदाचित. डॉक्टर म्हणतो सांगता येत नाही, गॅरेजवाला म्हणतो कदाचित. या गावात शपथेवर खोटं बोलायला एक मीच उरले आहे.

आता तरी क्यार्तानला लिही. दोन ओळी पुरेत. फुलं असली तरी चालतील.

सिग्रून


३ मार्च

बाल्डुर,

काल क्यार्तानकडे नर्स आली होती. रूनाला इस्पितळातून सोडणार आहेत. घरी आली तर दिवसातून चार वेळा गोळ्या, हात धरून चालवणं, घास नीट गिळतेय की नाही ते बघणं, हे सगळं लागेल. क्यार्तान करू शकतो. बैलासारखा धडधाकट आहे. पण त्याने नर्सला काय सांगितलं माहीत आहे? “माझ्यावर सोडू नका. एकदा विसरलो त्याची फळं ती भोगतेय. गोळ्या विसरलो तर?”

म्हणून रूनाला विनिपेगच्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरतंय. कायमचं. जागा मिळाली आहे. गुरुवारी, सात तारखेला, क्यार्तान कागदावर सही करणार. एकेचाळीस वर्षांचा संसार दोन जागी ठेवायचा, तोसुद्धा त्याने न केलेल्या चुकीपायी.

रूनाकडे मोजून दहाबारा शब्द उरले आहेत. काल मी इस्पितळात गेले होते. तिने खिडकीकडे बोट केलं आणि म्हणाली, “घरी.” नर्स म्हणाली, “हो हो, लवकरच हं, आजी.” तिसऱ्यांदा “घरी” म्हणताना रूनाने जेवणाचं ताट डाव्या हाताने भिरकावून दिलं. नर्सचा झगा खराब झाला. मला ते इतकं बरं वाटलं की मी थोडी हसले, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन रडले.

अजून एक गोष्ट मी लपवली आहे. तू ती जाणतोस. ती कार्डावर लिहिली नाहीस, हे एक तुझ्या बाजूने नोंदवून ठेवते.

त्या गुरुवारी संध्याकाळी तुझा ट्रक माझ्या अंगणात होता. तुझा प्लग माझ्या भिंतीत होता. आपण मासा खात होतो, आणि मी विचारलं, “आईला न भेटताच जाणार?”

“ती मला ओळखत नाही, सिग्गा.”

“ती ओळखत नाही. तू तर तिला ओळखतोस ना?”

“तुला वर्गात शिकवायची सवय लागलीय. मी तुझा विद्यार्थी नाही.”

“विद्यार्थी असतास तर नापास केलं असतं.”

तू उठलास आणि म्हणालास की मी आईजवळ राहिले ती प्रेमापोटी नव्हे, मला दुसरीकडे कुणी ठेवून घेणार नव्हतं म्हणून. ते खरं असेल. खरंच लागतं. मी सपाता घालूनच बाहेर गेले, तुझा प्लग माझ्या भिंतीतून उपटला, वायर तुझ्या बॉनेटवर फेकली आणि म्हटलं, “जा, दुसऱ्याच्या विजेवर तापत बस.”

तू तेच केलंस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस.

तेव्हा प्लगला हात प्रथम मी लावला. अहवालात मी ‘राहून गेले’ असं लिहिलं. तिथे कर्ता लिहायचा तर एक नव्हे, दोन नावं लिहावी लागली असती. तुझ्यावर तीन पत्रं आग ओकले, कारण तुझ्यावर ओकणं सोपं होतं. तू दीड हजार मैलांवर आहेस.

बुधवारी संध्याकाळी मी क्यार्तानकडे जाणार आहे. सगळं सांगणार आहे, तुझ्या नावासकट. तुझं पत्र त्याच्या आत आलं तर तुझी थोडी शोभा राहील. येणार नाही, हे मला माहीत आहे. लीनालाही माहीत आहे. तिने आज विचारणंही सोडलं.

सिग्रून


११ मार्च

बाल्डुर,

झालं ते सांगते.

क्यार्तान जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर वही, आणि फळ्यावर नातवंडांची पाच नावं खडूने लिहिलेली. रोज सकाळी पुसून पुन्हा लिहायची, हा त्याचा नवा व्यायाम. कॉफी ओतायला उठला तेव्हा मी म्हटलं, “ओतू नकोस. आधी ऐक. मग द्यावीशी वाटली तर दे.”

मी सांगितलं. भिंत, सपाता, खांब, खिडकी, अहवाल. चोवीस वर्षं शिकवलेल्या बाईने सांगावं तसं क्रमवार. संपल्यावर तो म्हणाला, “म्हणजे मी लावला होता?”

“लावला होतास.”

“गुरुवारी?”

“गुरुवारी, साडेचारला. मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहिलं. कान लावून उभा होतास.”

“पाणी कुजबुजत होतं?”

“ते मला कसं ऐकू येणार? पण तू मान हलवलीस, आणि गेलास.”

तो खाली बसला. चेहऱ्यावर हसू आलं, अगदी पोरासारखं. म्हणाला, “डोकं ठीक आहे माझं.” मग पुन्हा म्हणाला, “डोकं ठीक आहे, च्यायला!” मला वाटलं, संपलं. मी इतकी मूर्ख की मला हायसं वाटलं.

मग ते हसू गेलं. त्याने फळ्याकडे पाहिलं.

“सात आठवडे,” तो म्हणाला. “सात आठवडे मी पोरांची नावं घोकतोय. मांजर आत घेतलं की टिक करतोय. बायकोला सांगितलं की मी तुला सांभाळू शकत नाही. ती बोलू शकत नाही, सिग्रून. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि तू समोर बसून टाइप करत होतीस.”

“हो.”

“सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलंस.”

“हो.”

“तुझा भाऊ गाढव आहे. तो लहानपणापासून गाढवच आहे, गावाला माहीत आहे. त्याच्यावर मी रागावणारसुद्धा नाही. पण तू? तू तर आमची शिकलेली.” एकतीस वर्षांत त्याने मला मास्तरीणबाई सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी एकदाही तसं म्हणाला नाही. मग त्याने दार उघडलं. “चालती हो.”

कॉफी भांड्यातच राहिली.

गुरुवारी त्याने कागदावर सही केली नाही. शुक्रवारी नर्ससमोर पाच शब्द पाठ म्हणून दाखवले, ‘मखमल’सकट, आणि वर तिलाच विचारलं की कालच्या दुपारी तिने काय खाल्लं होतं. तिला आठवेना. रूना बावीस तारखेला घरी येते आहे. संध्याकाळी पंचायतीची खास बैठक झाली. मी खरा अहवाल उभी राहून वाचला, कर्त्यांसकट, आणि राजीनामा पुढे केला. हाल्डोर कागदाची घडी घालत म्हणाला, “हा ठेवून घेतो. पण आज इतिवृत्त कोण लिहिणार?” तेव्हा माझ्याच राजीनाम्याचं इतिवृत्त मी लिहिलं. क्यार्तानला किल्ल्या परत मिळाल्या. घेताना तो हाल्डोरकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

शनिवारी हिमवादळ आलं. हातभर बर्फ पडला. रविवारी पहाटे नांगरगाडीचा आवाज ऐकला. पहिल्या फटक्यात चालू झाली होती. मी त्याच खिडकीशी उभी राहून बघत होते. काय हात आहे त्या माणसाचा! पंचायतीचे रस्ते साफ केले, चर्चचं आवार केलं, लीनाच्या दारापुढे आला तेव्हा नांगर तिरका करून तिच्या फाटकात एक ढेकूळही पडू दिलं नाही. प्रत्येक घरापुढे तेच. मग माझं घर आलं. त्याने वेग कमी केला, नांगर उलटा वळवला, आणि अख्ख्या रस्त्याचा बर्फ माझ्या फाटकात आणून दाबला. माझ्या छातीएवढी भिंत. दगडासारखी घट्ट.

ती फोडायला मला अडीच तास लागले. आज सकाळी तो पुन्हा आला आणि पुन्हा तेवढीच उभी करून गेला. रस्त्यावर ढकलायला बर्फ शिल्लक नव्हता, म्हणून दुसऱ्या गल्लीतून आणला. लीनाचा नवरा लोडर घेऊन आला. म्हणाला, “पाच मिनिटांचं काम आहे, बाई, सरका.” मी त्याला परत पाठवलं. गाव खिडक्यांतून बघतंय, आणि एकही माणूस क्यार्तानला बोलणार नाही. मीही नाही.

माझी कंबर चौपन्न वर्षांची आहे आणि हातांना फोड आले आहेत. अर्धी भिंत मी फोडली. तिथे बरोब्बर मधोमध फावडं रोवून घरात आले आणि हे लिहायला बसले आहे. अलीकडचा बर्फ माझा होता. पलीकडचा तुझा आहे, मी त्याला हात लावणार नाही. इथला बर्फ एप्रिल संपेपर्यंत वितळत नाही, आणि क्यार्तान रोज पहाटे येतो.

येऊन उपस.

सिग्रून